'आज काय शिकवलं?' याऐवजी काय विचाराल?

बालवाडीतून घरी आलेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "आज काय शिकवलं?" उत्तरही ठरलेलं असतं. "काही नाही. खेळलो." मग आपला चेहरा पडतो. एवढी फी भरली, व्हॅन लावली, आणि नुसतं खेळलो?

तुमच्याही घरात हा संवाद होत असेल, तर आज तुम्हाला दोन शिक्षिकांची गोष्ट सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. नावं ऐकलेली असतील, शाळेच्या पुस्तकात एखादा धडाही असेल. पण त्यांनी नेमकं काय केलं, हे लहान मूल घरात आल्याशिवाय नीट कळत नाही.

सुरुवात होते गुजरातमधल्या भावनगरला. तिथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर सुरू केलं. हे गृहस्थ मुळात वकील. मुलगा झाला, त्याला कसं वाढवायचं याचा विचार करता करता ते मारिया माँटेसरी यांच्या पुस्तकापर्यंत पोचले आणि वकिली मागे पडली. लोक त्यांना प्रेमाने 'मूछाळी मा' म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. (मला हे नाव फार आवडतं!) ताराबाई १९२३ मध्ये तिथे गेल्या आणि गिजुभाईंच्या सोबतीने घडल्या.

माँटेसरी पद्धतीत मूल स्वतःच्या हाताने वस्तू हाताळत शिकतं. पण ती लाकडी साधनं महाग. शहरातल्या खात्यापित्या घरांना परवडतील, खेड्यात कोण घेणार? हा प्रश्न मनात घेऊन ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी या समुद्रकाठच्या गावात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. सोबतीला आल्या अनुताई. लहान वयात लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग जिद्दीने शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा तोवरचा प्रवास.

शाळा सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. इथे एखाद्याने पालकांना दोष दिला असता. या दोघींनी शाळाच उचलली आणि वस्तीत, लोकांच्या अंगणात नेऊन भरवली. ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आज तुम्ही लखनौला असा की हैदराबादला, तो कानावर येतोच.

१९५७ मध्ये हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली आदिवासींची मुलं. मोठी मुलं गुरं चारायला जायची, म्हणून गुरं चरतात तिथे कुरणशाळा. मुलींच्या कडेवर धाकटं भावंडं असायचं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. साधनं कोणती? खडे, शंख-शिंपले, बिया, पानं, काटक्या, माती. पैसे लागत नाहीत आणि मुलाच्या ओळखीची. अनुताईंनी हे अनुभव 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मचरित्रात लिहिले आहेत. मिळालं तर जरूर वाचा.

'बालकेंद्री शिक्षण' हा शब्द हल्ली प्रत्येक प्लेस्कूलच्या माहितीपत्रकात असतो. रंगीत भिंती आणि घसरगुंडी म्हणजे बालकेंद्री, असं आपल्यालाही वाटायला लागलंय. कोसबाडला भिंतीही नव्हत्या कधी कधी. मूल येत नाही, तर ते का येत नाही हे शोधायचं आणि स्वतःची वेळ, जागा, साधनं बदलायची, इतकं साधं आणि इतकं अवघड काम होतं ते.

आता आपल्या घरात येऊ. माझी भाची साडेतीन वर्षांची आहे. पन्नासपर्यंत अंक धडाधड म्हणते, पाहुण्यांसमोर कार्यक्रमच असतो तिचा. एकदा मी म्हटलं, "मला चार चमचे दे गं." तिने मूठभर चमचे आणून दिले. यात काळजीचं काहीही नाही. अंक म्हणणं हे या वयात गाण्यासारखं असतं. 'चार' म्हणजे नेमक्या चार वस्तू, ही समज हळूहळू येते. ती येते ताटं मांडताना, प्रत्येकाला एक लाडू देताना, गोट्या वाटून घेताना.

लिहिण्याचंही तसंच. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली बरीचशी हाडं अजून पक्की झालेली नसतात, तो भाग कूर्चेचाच असतो. या वयातली बरीच मुलं पेन्सिल मुठीत धरतात. त्या हाताकडून चार रेघांच्या वहीत पानभर 'अ' काढून घेतला तर अक्षर सुधारत नाही, वहीचा कंटाळा मात्र येतो. त्यापेक्षा कणीक मळू द्या, मटार सोलू द्या, कागद टराटरा फाडू द्या, ओल्या मातीत बोटाने रेघोट्या मारू द्या. बोटांत ताकद आली की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते.

हे फक्त जुन्या पिढीचं म्हणणं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर आहे. तरीही ज्युनिअर केजीला गृहपाठ येतो. शाळांना विचारलं तर त्या म्हणतात, पालकच मागतात. यात तथ्य आहे. पालक म्हणून आपण वही तपासतो, कारण वही दिसते. भांडण मिटवून पुन्हा एकत्र खेळायला लागलेली दोन मुलं वहीत दिसत नाहीत.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा एसी आणि सीसीटीव्ही बघून झालं की थोडा वेळ वर्गाच्या दाराशी उभ्या राहा, किंवा बाबा असाल तर उभे राहा. मुलं बोलताहेत का? की ताईच बोलताहेत? खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशी खाली ठेवलीत, की कपाटात कुलूपबंद? रडणाऱ्या मुलाजवळ कोणी बसतं का? एका ताईंकडे किती मुलं, हे तर थेट विचारा. आणि घरी आल्यावर "काय शिकवलं?" ऐवजी "आज कोणाशी खेळलीस?", "तुझा किल्ला कोणी पाडला का?" असं विचारून बघा. गोष्ट थांबता थांबणार नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी अजून एक. शाळा इंग्रजी, बाई कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या, घरी मराठी. मूल गोंधळेल म्हणून काही घरं मराठी बंद करतात. तसं नका करू. मूल ज्या भाषेत आजीकडे हट्ट करतं, त्याच भाषेत ते विचारही करतं. धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलंय. शाळा ते करेल न करेल, झोपतानाची गोष्ट तर तुमच्याच हातात आहे. बंगळुरूत वाढणारं पोर "आई, पाणी बेकु" म्हणालं तर हसून पाणी द्या. दोन भाषांतून त्याने आपलं काम बरोबर करून घेतलंय.