मोडीत गेलेलं घंगाळ

बीजिंगला गेलेले पर्यटक पानजियायुआनच्या जुन्या बाजारात हमखास डोकावतात. तिथला बराचसा ‘पुरातन’ माल नवाच असतो, तरी घासाघीस रंगते. आपल्या खोपोलीकरांना त्यासाठी चीन कशाला? लोकलने मुंबई गाठावी आणि चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर हिंडावं. घंगाळं, बंब, पानाचे डबे कसे लखलखत मांडलेले असतात! ही भांडी तुमच्या-आमच्यासारख्यांच्याच माजघरांतली. स्टेनलेस स्टील आलं, पुढे घर जाऊन फ्लॅट आला, माळा गेला. आपण तांबं-पितळ मोडीत घातलं. तेही वजनावर, आजीच्या कोरलेल्या नावासकट. आता तसलंच घंगाळ आपण दसपट दराने आणून त्यात मनीप्लँट लावतो, वर भाव पाडल्याची फुशारकी!

शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परदेशी नेण्यावर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. पण घरचं भांडं भंगारवाल्याच्या तराजूत जाताना कुठलाच कायदा आडवा येत नाही. तेव्हा काठावरची अक्षरं आधी वाचावीत, भांडं कुणाच्या लग्नातलं ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, मग हवं तर वजन करावं.