एकटीच? तेही हिवाळ्यात?

मंडळी, 'जपानला जायचं तर साकुरा बघायला, ग्रुपबरोबर' हा सल्ला आता पुरे! मला डिसेंबरात महिनाभर एकटीनेच फिरायचंय, होक्काइदोपासून क्यूशूपर्यंत. आणि तो २१ दिवसांचा रेल्वे पासही नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ६०,४५० येनवरून थेट १ लाख येनवर गेला. एवढे पैसे मोजले की 'वसूल' करायला माणूस रोज गाडीत बसतो. साप्पोरोला डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे खिडकीबाहेर नुसता अंधार! त्यापेक्षा सुटी तिकिटं काढीन, एकेका गावात चार-चार दिवस राहीन. बर्फामुळे गाडी रद्द झालीच तर मुक्काम वाढवीन, कुणाची समजूत काढायला नको. एकटीने जायचं ते याचसाठी, काकू!