गाणं ऐकवा, पण गोळी थांबवू नका

सध्या व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरतोय. 'मुलाला फिट येते? रोज हे संगीत ऐकवा, औषधाची गरजच नाही.' मला तो तालुक्यातल्या दोन ग्रुपवर आला. पाठवणारे चांगले शिकलेले. म्हणून लिहितोय.

ही गोष्ट अगदीच हवेतली नाही, हे आधी सांगतो. मोझार्टने १७८१ मध्ये दोन पियानोंसाठी एक सोनाटा रचला. के. ४४८ या क्रमांकाने तो ओळखतात. १९९८ मध्ये शिकागोचे डॉ. जॉन ह्यूजेस आणि सहकाऱ्यांनी तो फिटच्या २९ रुग्णांना ऐकवला. २३ जणांच्या ईईजीमध्ये दोष दाखवणाऱ्या लहरी कमी झालेल्या दिसल्या. पुढे तैवानमध्ये मुलांना रोज झोपण्याआधी हेच संगीत ऐकवून अभ्यास झाले. तिथेही फरक पडल्याची नोंद आहे.

पण पुढचं कोणी फॉरवर्ड करत नाही. यातले बरेच अभ्यास मूठभर रुग्णांवरचे. टोरंटोच्या २०२० च्या अभ्यासात तर फक्त १३ जण होते. २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा या संगीताने फिट कमी होतात असा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. आणि क्वचित का होईना, काही रुग्णांना संगीतामुळेच फिट येते!

'ऐकवलं तर बिघडलं काय?' असं काही जण म्हणतील. मान्य. गाण्याने सहसा काही बिघडत नाही. पोर शांत झोपतं, घरातला ताण हलका होतो, तेही थोडं नाही. घात होतो तो 'औषधाची गरजच नाही' या वाक्याने. गेल्या महिन्यात एका आईचा फोन आला होता. 'भाऊ, गोळ्यांनी पोरगी सारखी पेंगते. गाणी लावून गोळ्या बंद केल्या तर चालेल का?' मी म्हटलं, ताई, आधी डॉक्टरांना विचारा. फिटची गोळी अचानक बंद केली तर फिट वाढतात, कधी एकामागून एक येत राहतात, जिवावर बेततं. पेंग येत असेल तर डॉक्टर डोस कमी-जास्त करतात, औषध बदलतात.

त्या माऊलीला तरी कसा दोष द्यायचा? मेंदूचा डॉक्टर जिल्ह्याला. एक दिवसाची मजुरी बुडवून जायचं, आणि इथे गोळ्या विचारल्या की 'संपल्यात, बाहेरून घ्या.' अशा वेळी मोबाईलवरचा फुकटचा उपाय कोणालाही पटेल.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, नीट निदान आणि उपचार मिळाले तर फिटच्या १०० पैकी ७० रुग्णांचे झटके थांबू शकतात. फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट ही औषधं देशाच्या अत्यावश्यक यादीत आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या तपासणीत झटक्यांचे आजारही येतात. कागदावर सगळं आहे हो. प्रश्न आहे तो गोळी दर महिन्याला हातात पडण्याचा.

तेव्हा दोन कामं करू. तो व्हिडिओ ग्रुपवर आला की खाली लिहा, 'गाणं ऐकवा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.' आणि ज्यांना सरकारी दवाखान्यातून फिटची गोळी मिळाली नाही, त्यांनी औषधाचं नाव आणि तारीख मला इनबॉक्समध्ये कळवा. रुग्णाचं नाव नको. ती यादी घेऊन मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटणार आहे. त्यांचं उत्तर इथेच टाकेन.