काचेबाहेरचा माणूस कुणाचा?



मुंबईच्या भिंती आता काचेच्या झाल्यात. लोअर परळ, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, जाल तिथं काच. आणि काच म्हटली की ती धुवावी लागते. बांधकामाची धूळ, गाड्यांचा धूर, समुद्राचा खारा वारा, कबुतरांची घाण. बघता बघता इमारतीचं तोंड काळवंडतं. मालकाला ते चालत नाही. भाडेकरू कंपनीलाही चालत नाही. मग गच्चीवरून एक माणूस दोराला बांधून खाली सोडतात. कमरेला बादली, हातात वायपर, बुडाखाली फळी. दोन तासांत तोंड स्वच्छ. मालकाचं.

वर्तमानपत्रं त्याला कौतुकानं 'स्पायडरमॅन' म्हणतात. बरं पडतं तसं म्हणायला. सिनेमातल्या स्पायडरमॅनला पगार द्यावा लागत नाही, त्याचा विमा काढावा लागत नाही, आणि तो पडला तर त्याची बायको गेटवर येऊन उभी राहत नाही.

हे लिहायचं कारण असं की आपल्यातली पुष्कळ पोरं-पोरी आता त्या काचेच्या आत बसतात. कुणी बँकेत, कुणी विम्यात, कुणी संगणकापुढं. आजा-बापानं सोसलं, बाबासाहेबांनी दार उघडलं, म्हणून आपण आत आलो. यात लाज कसली? अभिमानच आहे. पण आत गेलेल्याला बाहेरचा दिसेनासा होत असेल, तर दार उघडून काय मिळवलं? काचेपलीकडे माणूस लोंबकळत असतो आणि आपण पडदा ओढून घेतो. ऊन लागतं म्हणून!

आधी हे काम नीट समजून घ्या. दोरावर उतरणाऱ्याला दोन दोर लागतात. एकावर तो उतरतो, दुसरा जिवाचा. पहिला तुटला तर दुसऱ्यानं धरायचं. हे दोन्ही दोर वेगवेगळ्या जागी, पक्क्या कडीला बांधलेले असले पाहिजेत. दोन्ही एकाच खांबाला बांधले आणि खांबच हलला, तर दोन दोर काय आणि दहा काय, सारखेच. कठड्याच्या धारेवर दोर घासतो, म्हणून खाली जाड आवरण लागतं. अंगावर पूर्ण पट्टा लागतो, नुसता कमरेचा नाही. आणि वर गच्चीवर एक माणूस असा लागतो, ज्याला अडकलेल्याला सोडवून आणता येतं. कारण पट्ट्यात निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, तो बेशुद्ध पडतो आणि थोड्याच वेळात जीवही जातो. तो पडलेला नसतो. नुसता लटकलेला असतो. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत खेळ खलास.

आणखी एक. काचेवर सिमेंटचे डाग असले की ॲसिड वापरतात. हेच ॲसिड नायलॉनचा दोर खातं. उन्हानंही तो कुजतो. म्हणजे मालकाची काच चकचकीत करणारं पाणीच धुणाऱ्याचा दोर आतून पोखरत असतं. दोर वरून धडधाकट दिसतो. नवा दोर कधी घ्यायचा हे ठरवतो ठेकेदार. आणि ठेकेदाराला टेंडर मिळालेलं असतं सगळ्यात कमी भावाचं. भाव कुठून कमी करणार? काचेतून तर कमी होत नाही. दोरातून होतो, विम्यातून होतो, दुसऱ्या माणसाच्या हजेरीतून होतो.

इमारत बांधणाऱ्यांचीही गंमत बघा. नकाशात काच असते, तीन तळांची पार्किंग असते, गच्चीवर बगिचा असतो. पण ती काच उद्या कोण आणि कशी धुणार, हा विचार कित्येक नकाशांत नसतोच. दोर बांधायची कडी नाही, पाळणा सरकवायची पट्टी नाही. मग दोर बांधतात पाण्याच्या टाकीच्या खांबाला नाहीतर एसीच्या लोखंडी सांगाड्याला. घर बांधताना वाड्याला मागचं दार ठेवायची जुनी रीत होती. भंगी त्या दारानं यायचा आणि त्याच दारानं जायचा. टॉवरवाल्यानं तेवढंही दार ठेवलेलं नाही.

आता ही जागा कुठली ते आठवा. लोअर परळ म्हणजे गिरणगाव. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आलाय, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा आत आलेच नाहीत. त्या संपावर गाणी झाली, नाटकं झाली, व्हायलाच हवी होती. पण त्याच्या आधीचं एक पान आपण विसरायचं नाही. याच गिरण्यांत विणाईखात्यात, जिथं मजुरी जास्त होती, तिथं आपल्या माणसाला पाय ठेवू देत नव्हते. का? धोट्यात कांडी बदलताना धागा तोंडानं ओढावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीनं धागा बाटणार! कापड विकणाऱ्या शेटला बाट चालत होता, शेजारी उभ्या असलेल्या कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना हाच सवाल टाकला, की आमच्यासाठी सगळी खाती उघडी करणार का? १९३६ साली त्यांनी त्याचं मूळच उघडं केलं. जात कामं वाटून थांबत नाही, काम करणाऱ्यांच्याच चिरफळ्या करते.

म्हणजे त्याच जमिनीवर शंभर वर्षांपूर्वी प्रश्न होता आत कुणी यायचं. आजही तोच आहे.

हा प्रश्न कायद्यात कसा उतरलाय ते आता बघू. कंटाळा करू नका. आपल्याला फसवायचं असलं की व्यवस्था कवितेत फसवत नाही, कलमात फसवते.

१९७० साली ठेका मजुरी कायदा झाला. त्याच्या आधारे ९ डिसेंबर १९७६ ला केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींत झाडणं, पुसणं, साफसफाई आणि पहारा या कामांवर १ मार्च १९७७ पासून ठेक्याचे मजूर लावायचे नाहीत. चांगली गोष्ट होती. पण खाली एक शेपूट जोडलेलं होतं. ज्या बहुमजली इमारतींची बाहेरची साफसफाई विशेष अनुभवाशिवाय होऊ शकत नाही, तिला ही बंदी लागू नाही.

वाचलंत? आत झाडू मारणाऱ्याला संरक्षण, बाहेर दोरावर लटकणाऱ्याला नाही. सबब काय, तर त्याच्या कामाला विशेष अनुभव लागतो. मग या विशेष अनुभवाचा विशेष पगार कुठाय? ठेकेदाराच्या वहीत तो 'हेल्पर' असतो. संरक्षण नाकारायचं तेव्हा तो कुशल, पैसे मोजायचे तेव्हा अकुशल. एकाच माणसाची दोन मापं. बामणी गणित यापेक्षा वेगळं काय असतं?

आतल्यांचं सुखही टिकलं नाही. मुंबईत एअर इंडियाच्या इमारती झाडणारे ठेक्याचे कामगार कोर्टात गेले. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की ठेका बंद झाला म्हणजे कामगार थेट मूळ मालकाचा झाला. पाच वर्षंही झाली नाहीत. ३० ऑगस्ट २००१ ला स्टील अथॉरिटीच्या खटल्यात त्याच कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी तो निकाल उलटवला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली.

आणि आता नवी संहिता. २०२० साली संसदेनं कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची संहिता मंजूर केली, २१ नोव्हेंबर २०२५ ला ती अंमलात आली. ती म्हणते, आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात ठेका मजूर नको. ऐकायला झकास. मग गाभा कशाला म्हणायचं नाही त्याची यादी दिलीय. तिच्यात पहिलं नाव कुणाचं? साफसफाईचं. झाडणं, पुसणं, धूळ झटकणं, कचरा उचलणं. पुढं पहारा, कॅन्टीन, हमाली, बागकाम. साफसफाईसाठीच काढलेली आस्थापना असेल तर गोष्ट वेगळी, एरवी हे सगळं गाभ्याबाहेर. शिवाय पन्नासाहून कमी ठेका मजूर असतील तर ठेका मजुरीचं प्रकरणच लागू नाही. १९७० च्या कायद्यात ही मर्यादा वीस होती. दोरावरची टोळी तर बोटांवर मोजण्याएवढी असते.

गाभ्याबाहेर! आपल्या आजाला हा शब्द सांगितला असता तर त्यानं लगेच ओळखला असता. गाभाऱ्याबाहेर, गावकुसाबाहेर, विणाईखात्याबाहेर, आता गाभ्याबाहेर. शब्द बदलला, सीमा तीच. गाव सुद्धा म्हारा-मांगाशिवाय एक दिवस चालत नव्हतं, तरी त्याला गावात धरत नव्हतं. आठ दिवस कुणी झाडू मारला नाही, संडास धुतला नाही, काच पुसली नाही, तर या कंपन्यांचा गाभा किती वास मारेल ते बघायला मजा येईल.

काही दोस्त म्हणतील, दोरावरची सगळी पोरं काय आपली आहेत? युपीची आहेत, बिहारची आहेत, झारखंडची, बंगालची. त्यात मुसलमानही आहेत. आपण आपलं बघावं. या दोस्तांना एवढंच सांगणं, १९७२ ला पँथर उभी राहिली आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात तिनं दलित कोण ते सांगितलं. त्यात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध होतेच. पण कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे नाडलेले होते. तिथं कुणाचा जिल्हा विचारलेला नाही. दोराला आडनाव कळत नाही. तो तुटतो तेव्हा सगळ्यांना सारखंच खाली सोडतो. 'परप्रांतीय' म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे शेटचं काम फुकटात करणं.

दुसरे म्हणतील, अपघात झाला तर भरपाई मिळते की. मिळते. मेल्यावर. गटारात उतरणाऱ्यांसाठी १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या म्हणून सांगितलं, २०२३ ला तीस लाख. रक्कम वाढली, गटारात उतरवणं थांबलं नाही. खाली गुदमरून, वर कोसळून. आपल्याला मरणाचा वाढीव दर नकोय. आपल्याला जगायचंय.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. ज्याची इमारत, त्याचा दोर. ठेकेदाराच्या आड कुणी लपायचं नाही. दोन दोर, दोन वेगळ्या कड्या, आणि गच्चीवर सोडवणारा माणूस, याशिवाय कुणाला खाली सोडायचं नाही. कडी नसलेल्या इमारतीला काचेची परवानगी द्यायची नाही. पावसात आणि वाऱ्यात काम बंद, पण हजेरी चालू. पगारपत्रकावर कुशल कामगार म्हणून नोंद. इमारतीची देखभाल हे बांधकामाचंच काम, असं १९९६ चा बांधकाम कामगार कायदा सांगत होता, नवी संहिताही सांगते. मग काच धुणं ही देखभाल नाही तर काय पूजा आहे? दोरावरच्या प्रत्येकाची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी झालीच पाहिजे.

आणि काचेच्या आत बसणाऱ्या आमच्या भावा-बहिणींनो, तुमच्याकडे एक काम. पुढच्या वेळी खिडकीबाहेर सावली हलली की पडदा ओढू नका. मोबाईलवर फोटो काढून 'काय डेरिंग आहे' म्हणून मित्रांना पाठवू नका. दोर मोजा. एकच दिसला तर उठा आणि इमारतीच्या मॅनेजरला विचारा, दुसरा कुठाय? एकट्यानं विचारायची भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून विचारा. लेखी विचारा. त्या दोरवाल्याला खाली गाठा, नाव विचारा, चहा पाजा, ठेकेदार कोण ते विचारा. युनियन कचेरीत बसून होत नाही, ती अशीच होते.

'माझी नोकरी जाईल' असं वाटेल. वाटणारच. पण चवदार तळ्यावर गेलेल्यांनाही घरी पोरंबाळं होती.

जय भीम.