क्रिकेटचे नवे पंथ आणि त्यांचे बडवे

आयपीएलचे दिवस आले म्हणजे आमच्या कुंभारीत दिवेलागणीनंतर एक देखावा दिसतो. पारावर दहा पोरे बसलेली असतात, परंतु एकमेकांच्या तोंडाकडे कोणी पाहत नाही. दहा हातांत दहा फोन. सामना एकच, पण एकाच्या फोनवर पडलेली विकेट शेजाऱ्याच्या फोनवर अर्ध्या मिनिटाने पडते, त्यामुळे आधी ओरडणाऱ्यास मागून शिव्या मिळतात. सामना संपला म्हणजे मंडळी घरी जाऊन निजतील असे कोणी समजू नये. खरा सामना तेव्हाच सुरू होतो. ज्याने त्याने आपापल्या गटावर जाऊन विरुद्ध पंथाच्या देवाची विटंबना करावयाची, खोटीनाटी चित्रे फिरवावयाची, आणि रात्री एक-दीडपर्यंत जागून सकाळी मागावर डुलक्या घ्यावयाच्या.

पंथ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. धोनीपंथी, कोहलीपंथी, रोहितपंथी असे तट गावोगाव पडले आहेत. प्रत्येकाचा रंग निराळा, आरती निराळी व शिव्याही निराळ्या. महात्मा जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको हे सांगण्यासाठी. त्यांचे नाव घेणाऱ्यांचीच लेकरे आज चालत्याबोलत्या माणसांना देव करून बसली आहेत; आणि देव आला की मागोमाग दलाल येतोच. त्या दलालाविषयी आम्हास आज लिहावयाचे आहे.

प्रथम हे सांगून टाकतो की आम्ही क्रिकेटचे वैरी नाही, व फोनचेही नाही. क्रिकेट हा साहेबांचा आणि शेटजी-भटजींचा खेळ, आपणांस त्याचे काय, असे म्हणणारे काही वडीलधारे अजून भेटतात. त्यांनी पालवणकर बाळूची हकीकत ऐकावी. चांभार कुळातला हा मुलगा पुण्यास गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदानाची चाकरी करी व साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. पुढे हिंदूंच्या संघास त्याच्या गोलंदाजीची गरज पडली. तेव्हा व्यवस्था अशी झाली की, मैदानात त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळावा, चहाच्या वेळी मात्र त्याने पॅव्हिलियनबाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा प्यावा. भांडे आमच्याच एखाद्या कुंभाराने घडविलेले असणार! १९११ साली हिंदी संघ विलायतेस गेला, त्या दौऱ्यात ह्या बाळूने ११४ बळी घेतले. इतके असूनही हिंदू संघाचे रीतसर कप्तानपद त्याच्या वाट्यास कधी आले नाही. १९२० साली ह्यावरून तंटा पेटला, त्याचे भाऊ विठ्ठल व शिवराम संघाबाहेर राहिले, चार लोकांत चर्चा झाली, आणि १९२३ साली अखेर विठ्ठल कप्तान झाला.

लोकमताने खेळ सुधारतो तो असा. परंतु त्या काळी लोकमत सांगावयास छापखाना लागे, आणि छापखाने बहुतेक कोणाच्या हाती होते हे ह्या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. पुढे रेडिओ आला. बाळ पंडितांसारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत धावते वर्णन केले, तेव्हा कोठे नांगर धरणाऱ्यास स्लिप म्हणजे काय व गली म्हणजे काय ते उमगू लागले. ज्ञान सोवळ्यात न ठेवणाऱ्या अशा माणसांचे उपकार आम्ही विसरत नाही. तरी ऐकणारा ऐकतच राहिला. त्याला उलट बोलता येत नव्हते.

२०१६ सालानंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि ते तोंड उघडले. आज विड्या वळणाऱ्या बाईचा मुलगा, कोणता फलंदाज डावखुऱ्या फिरकीपुढे का अडतो हे आकड्यांनिशी सांगतो व मोठ्या पत्रातल्या लेखकाची चूक त्याच्या तोंडावर दाखवितो. टेनिस बॉलच्या गावसामन्यांचा धावफलक फोनवर राहतो. अंतिम सामना यूट्यूबवर दिसतो, आणि पुण्यास पोटासाठी गेलेला भाऊ तो तेथून पाहतो. मुका होता तो बोलू लागला, ही लहान गोष्ट नव्हे.

पण बोलतो काय?

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला. हरले अकरा जण; परंतु शिव्यांचा पाऊस पडला तो मोहम्मद शमीवर, त्याच्या धर्मावरून. कप्तान कोहलीने त्याची बाजू घेतली, तर त्याच्या तान्ह्या मुलीविषयी लिहू नये ते लिहिले गेले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला, आणि रात्र उलटण्यापूर्वी तो खलिस्तानी ठरला. हॉकीतही तेच. २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये मुलींचा संघ उपांत्य सामना हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारकडील घरासमोर जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या घरच्यांना करावी लागली. झेल सुटला की जात निघते, गोल हुकला की धर्म निघतो. बाळूला मातीच्या भांड्यातून चहा देणारी बुद्धी मेली नाही. तिने फोन घेतला आहे. दुःखाची गोष्ट ही की, त्या फोनवर चालणारी बोटे पुष्कळ वेळा आमचीच असतात.

आता बडव्यांकडे वळू. आमच्या जिल्ह्यातल्या पंढरीत पिढ्यान्‌पिढ्या बडवे व उत्पात विठोबापुढे ठाण मांडून होते. १९७३ साली कायदा झाला, चाळीस वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांचे हक्क संपले. विठोबापुढचे उठले तोच खेळापुढे नवे येऊन बसले. त्यांची रीत अशी. एखादा इसम प्रसिद्ध खेळाडूच्या नावाने पान उघडतो. खेळाडूस त्याची गंधवार्ताही नसते. तो न बोललेली वाक्ये त्याच्या तोंडी घालतो, दुसऱ्या खेळाडूस खिजवितो, जुनी चित्रे नवी म्हणून खपवितो. ज्या मजकुरावर भांडण अधिक, तो मजकूर कंपनीचे यंत्र अधिक लोकांपुढे नेते. कारण भांडणारा माणूस फोन खाली ठेवीत नाही, आणि तितका वेळ त्याला जाहिरात दाखविता येते. पानाभोवती लाख-दोन लाख भाविक जमले म्हणजे मालक तेथे सट्ट्याच्या ॲपची पाटी लावतो, किंवा 'आजचा विजेता पक्का सांगतो' म्हणून टेलिग्रामवर बोलावून दक्षिणा घेतो. भविष्य खोटे ठरले तर दोष भाविकाच्या नशिबाचा! आमच्या बापजाद्यांना पंचांगवाल्या जोशीबुवांनी हेच सांगितले होते.

आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा पैसा आभाळातून पडत नाही, तो आपल्याच डोळ्यांचे भाडे आहे. फक्त ते भाडे आपणांस मिळत नाही. डोळ्यांनी भागले नाही तेव्हा खिशात हात गेला. पन्नास रुपयांच्या आत संघ लावा आणि कोटी जिंका, असे नामांकित खेळाडू स्वतः जाहिरातीत सांगत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन डावांवर बंदी घालणारा कायदा केला व मोठ्या कंपन्यांनी तसले डाव बंद केले, हे बरे झाले. परंतु चोरवाटेची ॲपे आहेतच, आणि त्यांचे निमंत्रण गटांतूनच येते. सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळल्यावर हाती काय पडते, ते त्या माउलीच्या पाठीस विचारावे. तेवढी मजुरी एका षटकात जाते. जेथे ती गेली आहे, ती घरे आम्हास माहीत आहेत; नावे घेऊन त्यांचे दुःख वाढविण्याची आमची इच्छा नाही.

पैसा परत मिळवता येईल. गेलेला माणूस येत नाही. मार्च २०२४ मध्ये मुंबई आणि हैदराबाद यांचा सामना चालू असता कोल्हापुराजवळच्या एका वाडीत रोहित शर्मा बाद झाला म्हणून साठी उलटलेल्या एका गृहस्थाने आनंद केला. तो चेन्नईचा चाहता. बाजूला मुंबईचे दोन चाहते होते. त्यांनी त्याला इतके मारले की तो दवाखान्यात मेला. एकाच वाडीची, एकमेकांस ओळखणारी ही माणसे. मुंबई, चेन्नई, हैदराबाद ह्यांपैकी कोणतेही गाव त्यांचे नव्हे, आणि चेन्नई तर त्या रात्री खेळतही नव्हती. ह्या खुनाला फोन कारण झाला असे आम्ही म्हणत नाही. पण दुसऱ्याचा देव बाद झाला की हसावयाचे व आपला बाद झाला की हात उगारावयाचा, ही सवय रोज रात्री कोठे लागते, हे ज्याचे त्याने आपल्या मनास विचारावे. ज्यांच्यासाठी आपण भांडतो ते रोहित व कोहली २९ जून २०२४ रोजी विश्वचषक जिंकल्यावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते, ते सर्व जगाने पाहिले. आणि ४ जून २०२५ रोजी बंगळूरुला काय झाले? अठरा वर्षांनी संघ जिंकला म्हणून विजयाच्या मिरवणुकीचे आवतण फोनवरून गेले, मैदानात मावतील त्याच्या कितीतरी पट लोक धावले, दारात चेंगराचेंगरी होऊन ११ जण मेले. देव आत सत्कार घेत होते.

कुंभारीच्या लोकांस आम्ही हे अधिक आग्रहाने सांगतो, त्यास कारण आहे. येथे गोदुताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. पुढे रे नगरात ३०,००० घरांची योजना झाली व त्यांतील १५,००० घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आल्या. ही घरे कोणा देवाने दिली नाहीत. तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू बोलणाऱ्या बाया एका मोर्चात चालल्या, वर्षानुवर्षे चालल्या, म्हणून मिळाली. त्याच घरांच्या भिंतींआड बसून त्याच बायांची पोरे आता शमीचा धर्म काढणार काय? शेजारच्या ओळीतल्या पोराने ते वाचले, तर उद्या मजुरीच्या भांडणात तो खांद्याला खांदा लावून उभा राहील काय?

गट मोडा असे आम्ही म्हणत नाही. मोडणारही नाहीत. पण जो आपल्या ओळखीचा नाही, ज्याचे खरे नाव ठाऊक नाही, अशा पानवाल्याचा मजकूर पुढे ढकलण्याचे काय कारण? सट्ट्याची वाट सांगणाऱ्यास त्याच घटकेस बाहेर काढावे. जातीधर्मावरून लिहिणारा आपल्या पंथाचा असला तरी त्यालाही दार दाखवावे; आपल्या पंथाचा असला तर आधी दाखवावे. आणि सामना तर सामना म्हणून पाहावा. विरुद्ध संघाच्या गोलंदाजाने सुंदर चेंडू टाकला तर वाहवा म्हणण्यास पैसे पडत नाहीत.

भक्तीच करावयाची तर ती कशी, ह्याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. माळशिरस तालुक्यातील मिरे गावची किरण नवगिरे ही शेतकऱ्याच्या घरची मुलगी. भालाफेकीकडून ती क्रिकेटकडे आली. २०२२ साली नागालँडकडून खेळताना तिने एका डावात १६२ धावा केल्या, आणि त्याच वर्षी भारताच्या संघात गेली. २०२३ साली मुलींची मोठी लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बॅटीवर कोणा कंपनीचे नाव नव्हते. तिने आपल्या हाताने त्यावर धोनीच्या नावाची अक्षरे व त्याचा सात आकडा लिहिला व त्या बॅटीने अर्धशतक ठोकले. धोनीसाठी तिने कोणास शिवी दिल्याचे ऐकिवात नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नागपुरास पंजाबविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना तिने ३४ चेंडूंत शतक केले. बायकांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये जगात इतके जलद शतक पूर्वी कोणी केले नव्हते.

त्यानंतर दोनच दिवसांनी पर्थला रोहित ८ धावांवर व कोहली शून्यावर बाद झाला. कोणाचा देव अधिक वाईट खेळला ह्यावर आमच्या ओळखीच्या गटांत चार रात्री रणधुमाळी चालू होती. त्या सबंध आठवड्यात मिऱ्याच्या पोरीचे नाव आम्ही शोधून पाहिले. एका गटात एकदा सापडले. तेही तिने पूर्वी बॅटीवर धोनीचे नाव लिहिले होते म्हणून.