जगभरचं जेवण आणि एक साधा प्रश्न

क्रूझच्या जाहिरातीत समुद्र कमी आणि जेवण जास्त दिसतं. सूर्यास्ताचा एक फोटो, पोहण्याच्या तलावाचा एक, आणि मग पानभर ताटल्या: सुशी, पास्ता, टाको, पाएया, तंदुरी, फ्रेंच पेस्ट्री. जानेवारी २०२४मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर खाण्यापिण्याच्या वीसहून जास्त जागा आहेत. जहाज पूर्ण भरलं तर त्यावर साडेसात हजारांहून अधिक प्रवासी असतात. एवढ्या लोकांना सकाळपासून रात्रीपर्यंत जगभरचे पदार्थ खाऊ घालणं हे खरोखरच मोठं काम आहे, आणि ते करणाऱ्या आचाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

ही सफर आता फक्त अमेरिकी श्रीमंतांची राहिलेली नाही. २०२१पासून ‘कॉर्डेलिया’चं ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जातं. आखातात नोकरीला असलेले आपले नातेवाईक हिवाळ्यात दुबईहून निघणाऱ्या जहाजांवर आई-वडिलांना घेऊन जातात. ज्या घरांत जहाज म्हटलं की फक्त हजचं जहाज आठवायचं (मुंबईहून जेद्दाहला जाणारी ती जहाजं १९९५मध्ये थांबली), त्या घरांतली नातवंडं आता डेकवर घसरगुंडी खेळतात. चांगलं आहे. मुसलमानाने हिंडू नये, मौज करू नये, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण एक गोष्ट मला खटकते. जेवण ‘आंतरराष्ट्रीय’ आहे हे आपण देश मोजून ठरवतो. इटली आलं, जपान आलं, मेक्सिको आलं, झालं आंतरराष्ट्रीय. माझ्या मते मोजायचं असेल तर माणसं मोजावीत. त्या टेबलाशी बसलेल्या किती जणांना निर्धास्तपणे घास घेता आला, हा खरा हिशोब. आणि तो हिशोब आपल्या बाजूने लागावा असं वाटत असेल, तर आपण मुसलमानांनी आधी विचारायची लाज सोडली पाहिजे.

लाज हा शब्द मी मुद्दाम वापरतो. माझे खालू आणि खाला त्यांच्या मुलाबरोबर अशाच एका सफरीला जाऊन आले. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. तीन रात्री, पैसे पूर्ण भरलेले, समोर चाळीसेक पदार्थ, आणि खालू तीन दिवस ब्रेड, सॅलड, उकडलेली अंडी आणि फळं खाऊन राहिले. “विचारलं का नाही?” म्हटलं तर खाला म्हणाल्या, “अरे बाबा, एवढ्या लोकांत कुठे विचारायचं? म्हणाले असते, आले हे मुल्लाजी.” मुलानेही विचारलं नाही, तो एका बड्या कंपनीत काम करतो, त्याला सहकाऱ्यांसमोर ‘मागास’ दिसायचं नव्हतं. म्हणजे स्वयंपाकघराने नाही म्हणण्याआधीच आमच्या माणसांनी स्वतःला नाही म्हणून घेतलं.

त्यांची शंका मात्र खोटी नव्हती. ‘पोर्क नाही’ आणि ‘हलाल’ यांत बरंच अंतर आहे. खऱ्या कार्बोनारात डुकराचं खारवलेलं मांस असतं हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मेक्सिकन पद्धतीचा घोटलेला राजमा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणजे वरून शुद्ध शाकाहारी दिसणारा पदार्थ. रिसोटोत पांढरी वाइन पडते. चिकन मार्सालाच्या नावातच वाइन आहे. तिरामिसूत रम किंवा मार्साला घालतात. पन्नाकोटा घट्ट होतो तो जिलेटिनने, आणि जिलेटिन डुकराचंही असू शकतं. पार्मेजान चीजसाठी वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. शिवाय बुफेवर एकच चिमटा सॉसेजवरून कबाबावर फिरतो तो वेगळाच.

ही यादी नीट वाचली तर लक्षात येईल की हा प्रश्न फक्त मुसलमानांचा नाही. चरबी, जिलेटिन, विरजण, चिमटा: शेजारच्या टेबलावरच्या शाकाहारी काकूंना नेमकी हीच काळजी असते. बुफेच्या रांगेत त्या आणि मी एकाच प्रश्नाने अडलेलो असतो. फरक एवढाच की त्या मोठ्या आवाजात विचारतात आणि मी मान खाली घालून सॅलडकडे वळतो.

मासळी खाल्ली की झालं, असंही आपल्यात म्हणतात. तेही तितकं सोपं नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. त्यांना कोळंबी, खेकडा, कालवं सगळं चालतं. मराठवाड्यातले किंवा विदर्भातले मुसलमान बहुतेक हनफी. त्यांना समुद्रातलं फक्त मासा या व्याख्येत बसतं तेवढंच जायज, आणि कोळंबी मासा की नाही यावर उलेमांमध्ये जुना वाद आहे. रत्नागिरीची सून औरंगाबादेत आली की हा वाद घरच्या दस्तरखानावर येतो आणि हसत-खेळत मिटतो. अहले किताब म्हणजे ख्रिस्ती-ज्यूंनी कापलेल्या मांसाबद्दलही आपल्यात एकमत नाही. त्यामुळे ‘मुसलमान काय खातो’ याचं एक उत्तर कोणाकडेच नाही. उलट म्हणूनच विचारावं लागतं, आणि ज्याने-त्याने स्वतःसाठी विचारावं लागतं.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. ‘परक्या देशांचं जेवण खायला निघालात, मग तुमच्या अटी कशाला?’ पण हे जेवण परकं तरी किती? स्पॅनिश लोकांच्या पाएयातला तांदूळ अरबांनी त्यांच्याकडे नेला. तांदळाला आणि केशराला स्पॅनिशमध्ये आजही अरबीतून आलेलेच शब्द आहेत. मेक्सिकोचा ‘टाकोस अल पास्तोर’ तर आणखी गमतीचा. लेबनॉनहून गेलेल्या स्थलांतरितांनी उभ्या सळईवरचा शावर्मा तिकडे नेला. तिथे मेंढीच्या जागी डुकराचं मांस आलं आणि तो मेक्सिकन झाला. म्हणजे पदार्थ प्रवास करतात आणि जिथे जातात तिथल्या माणसांप्रमाणे बदलतात. मग खाणाऱ्याच्या गरजेप्रमाणे पुन्हा थोडं बदलणं हा काही त्या पदार्थाचा अपमान नाही. पदार्थांची रीतच ती आहे.

दुसरा आक्षेप असा की जहाजावर हे शक्य नसतं. हे मात्र सरळ चूक आहे. कोशर जेवण मोठ्या कंपन्या आधी कळवल्यास सीलबंद आणून ठेवतात. ग्लूटेन नको, शेंगदाणा नको, दूध नको, असं सांगणाऱ्या प्रवाशाला बऱ्याच जहाजांवर आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखवतात आणि त्याचं जेवण वेगळं लावून ठेवतात. आपल्या मुंबईच्या जहाजावर जैन जेवण मिळतं. कांदा-लसूण-बटाटा वगळून समुद्रात स्वयंपाक करणं काही कमी कटकटीचं नाही. ते कसं मिळालं? जैन समाजाने मागितलं. यात कोणाचा हेवा करण्यासारखं काही नाही, शिकण्यासारखं आहे.

हलाल मांस आणणंही डोंगर उचलण्यासारखं नाही. न्यूझीलंडहून जगभर जाणारं मेंढीचं मांस बहुतांशी हलाल पद्धतीनेच कापलेलं असतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलही प्रचंड प्रमाणात हलाल मांस निर्यात करतात. म्हणजे जहाजाच्या शीतघरात ते मांस पुष्कळदा आधीच असू शकतं. फक्त ते कोणतं, हे प्रवाशाला सांगायची पद्धत नसते, कारण प्रवाशाने कधी विचारलेलं नसतं.

आता एक गोष्ट, जी कळल्यावर मलाही नवल वाटलं. २००६चा सागरी श्रम करार आहे. तो २०१३मध्ये लागू झाला आणि भारताने २०१५मध्ये स्वीकारला. त्यात खलाशांना मोफत जेवण द्यायचं आणि ते देताना त्यांच्या धार्मिक गरजा व सांस्कृतिक चालीरीती लक्षात घ्यायच्या, असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे भांडी घासणाऱ्या मुस्लीम खलाशाचा जो कराराने मिळालेला हक्क आहे, तीच गोष्ट पैसे मोजून आलेल्या मुस्लीम प्रवाशाच्या बाबतीत ‘विशेष विनंती’ ठरते.

आणि ही नवी कल्पनाही नाही. इंग्रजांच्या आगबोटींवर आपल्या कोकणातले मुसलमान सारंग, टंडेल, खलाशी म्हणून पिढ्यान् पिढ्या राबले. त्याच बोटींच्या भोजनगृहात गोव्याचे ख्रिस्ती बांधव वाढपी आणि आचारी होते. जहाजावर खलाशांचं जेवण करणाऱ्याला भंडारी म्हणत, आणि डेकवरच्या व इंजिनातल्या माणसांसाठी वेगवेगळे भंडारी असत, म्हणजे ज्याला जे चालतं ते त्याला मिळावं. त्या सरकारला आपल्या धर्माचं प्रेम होतं असं नाही. उपाशी किंवा रुसलेल्या खलाशाकडून जहाज चालत नाही, हा साधा व्यवहार त्यांना कळत होता. शंभर वर्षांपूर्वी कोळशाच्या बोटीवर जमलं ते आज वीस मजली जहाजावर जमत नाही, हे कोण मानेल?

मग आपण विचारायला का घाबरतो? कारण गेल्या काही वर्षांत ‘हलाल’ हा शब्दच संशयित करून टाकला आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये उत्तर प्रदेश सरकारने निर्यातीचा माल वगळून हलाल प्रमाणित खाद्यपदार्थांच्या उत्पादनावर, साठवणुकीवर आणि विक्रीवर बंदी घातली. परदेशी पाठवायला चालतं, घरच्याला विकलं की गुन्हा. त्याचा परिणाम फक्त दुकानाच्या फळीवर होत नाही. तो माझ्या खालूंच्या जिभेवर होतो. दुबईच्या बंदरातून सुटलेल्या जहाजावर, जिथे हा शब्द रोजच्या व्यवहाराचा आहे, तिथेही ते तो उच्चारू शकले नाहीत. भीती माणसाबरोबर प्रवास करते.

माझ्या हिंदू मित्रांना मी एवढंच सांगेन: हलाल ही कोणावर लादायची गोष्ट नाही, ती खाणाऱ्याची स्वतःवरची मर्यादा आहे. तुमचा श्रावण जसा तुमचा असतो, तशीच. श्रावणात तुम्ही माझ्या घरी आलात तर माझी बायको वेगळी कढई काढते आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही.

काही जण म्हणतील, मग आपली वेगळी जहाजं बरी. तीही आहेत. सौदीच्या ‘अरोया’ने डिसेंबर २०२४पासून जेद्दाहहून सफरी सुरू केल्या, तिथे दारू नाही आणि सगळं जेवण हलाल. ज्यांना तो निवांतपणा हवा त्यांनी जरूर जावं. पण मला सिंगापूरहून सुटणाऱ्या ‘जेंटिंग ड्रीम’चं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. इस्लामी सहकार्य संघटनेच्या मानकांप्रमाणे त्या जहाजाला ‘हलाल-स्नेही’ प्रमाणपत्र मिळालं आहे, आणि तिथे जैन-शाकाहारी जेवणही असतं, चिनी जेवणही. ज्याला जे हवं ते, एकाच छताखाली. आपण ज्या मोहल्ल्यांत, ज्या चाळींत वाढलो ते असेच होते. मला माझ्या मुलांना वेगळ्या जहाजात बसवायचं नाही. सगळ्यांच्या जहाजात मानाने जेवायला बसवायचं आहे.

त्यासाठी काय करावं? तिकीट काढायच्या आधी लेखी विचारावं, नंतर नव्हे. नुसतं ‘हलाल आहे का?’ असं विचारू नये. त्यावर ‘हो, हो’ असं गोड उत्तर मिळतं. मांस कुठून येतं, प्रमाणपत्र कोणाचं, ते वेगळ्या भांड्यात शिजतं का, कोणत्या सॉसमध्ये दारू आहे, चरबी कोणती वापरता, असं नेमकं विचारावं. पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून सांगावं. तो बहुधा गोव्याचा, फिलिपिन्सचा किंवा इंडोनेशियाचा असेल, त्याला हे प्रश्न नवे नसतात. सोय झाली तर जाताना कंपनीला तसं लिहून कळवावं. नाही झाली तर तेही लिहावं. दहा कुटुंबांनी लिहिलं की ती ‘विशेष विनंती’ राहत नाही, मेनू होतो.

आणि आपल्यासाठीही एक अट. हलाल मागणाऱ्याला इस्राफ शोभत नाही. उधळपट्टी आपल्या धर्माने तितक्याच स्पष्टपणे नाकारली आहे. बुफेवर ताट डोंगरासारखं भरून अर्धं टाकून देणाऱ्याने मांसाचं प्रमाणपत्र विचारलं, तर वाढपी मनात हसेल आणि त्याचं काही चुकणार नाही. थोडं घ्यावं, संपवावं, हवं तर पुन्हा घ्यावं.

खालू पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहेत. नातवाने हट्ट धरलाय. या वेळी कंपनीला लिहायचं पत्र मी त्यांना मराठीत करून दिलं आणि त्यांच्या मुलाने ते इंग्रजीत केलं. खाली सही मात्र खालूंनी स्वतः केली, पूर्ण नावानिशी.