आणून दिलेला वाल्व्ह

सौसरला वाल्व्हचे जुने अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे आपले एक भाऊ आहेत. एका गिऱ्हाइकाने ऑनलाइन मागवलेले ईएल ३४ वाल्व्ह आणून दिले, हेच बसवा म्हणाला. बसवले. आठ दिवसांत एक लाल होऊन गेला. भरपाई कोणी द्यायची, ही चर्चा आमच्या पांढुर्ण्यापर्यंत आली.

मला निर्गम २२ आठवला. राखायला दिलेले जनावर कोणी न पाहता मेले, तर राखणाऱ्याने परमेश्वरासमोर शपथ घ्यावी आणि मालकाने ती मानावी. चोरीला गेले तर भरून द्यावे. श्वापदाने फाडले तर उरलेले आणून दाखवावे. जळालेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती परत देतात ना, ते हेच.

पण शपथेची वेळच का यावी? वाल्व्ह लाल झाला म्हणजे तोच खराब होता असे नाही. कपलिंग कपॅसिटर गळका असला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येते आणि कोरा वाल्व्हही जातो. ते आधी मोजणे मेकॅनिकचे काम, आणि मोजण्याची मजुरी देणे गिऱ्हाइकाचे. पार्ट माझा म्हणून मजुरीतही घासाघीस, हे मला पटत नाही. उलट, नफा बुडतो म्हणून बाहेरच्या पार्टला मुद्दाम नावे ठेवणे हाही खोटा तराजूच.

आता भाऊ पावतीवर लिहून देतात: हमी कामाची, आणलेल्या पार्टची नाही. त्या वाल्व्हचे पैसे मात्र त्यांनीच द्यावेत, असे मी म्हणालो. कपॅसिटर मोजला नव्हता, हे त्यांनीच मला सांगितले होते.